खाडाखोड नसलेली नोंदवही

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर फारसं काही दिसत नाही. एक लहान खोली, खिडकी नसलेली. मागच्या बाजूला दगडी ओटा, भिंतीपासून चार बोटं सुटा. कारण रस्त्यावरून ट्रक गेला की भिंत थरथरते आणि भिंतीला टेकलेलं सगळं थरथरतं. ओट्यावर काचेच्या पेटीत बंद असलेला तराजू. उजेड पांढरा, एकसारखा. असा उजेड आम्ही नाटकवाल्यांनी कधी लावला नसता, त्यात कुणाचाच चेहरा चांगला दिसत नाही. ओट्यासमोर स्टुलावर पांढऱ्या कोटातला बासष्ट वर्षांचा एक माणूस बसला आहे. हात मांडीवर. तो काहीही करत नाहीये.

तुम्ही पहिल्या रांगेत असाल तर मिनिटभरात चुळबुळ सुरू कराल. पण तो थांबलाय, आणि थांबणं हेच त्याचं काम आहे. आत्ताच त्यानं काचेचं दार सरकवून चिमट्यानं एक वजन पारड्यावर ठेवलं. दार उघडलं की बाहेरची हवा आत शिरते, माणसाच्या अंगाची ऊब आत शिरते, आणि तराजूवरचे शेवटचे दोन आकडे नाचायला लागतात. ते दमून बसेपर्यंत हा बसतो. मग आकडा वाचतो, लिहितो, आणि पुन्हा थांबतो. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत.

हा माझा धाकटा भाऊ. मी त्याला धाकटाच म्हणतो. बाहेर त्याला सगळे थांबाकाका म्हणतात, कारण दारावर थाप पडली की 'थांबा', फोन वाजला की 'थांबा', चहा आला की 'थांबा'. त्याची बायको होती तेव्हा सांगायची, "लग्नाला होकार दे म्हटलं तेव्हासुद्धा आधी थांबाच म्हणाला. मी थांबले, तिथंच चुकले."

लोक विचारतात, तुमचा भाऊ करतो काय? मी सांगतो, मोजणाऱ्या वस्तूंना मोजतो. कारखान्यात, औषधांच्या प्रयोगशाळेत, सोनाराच्या पेढीवर वजनं असतात. ती वापरून झिजतात, त्यांच्यावर बोटांचे डाग पडतात. मग एक किलो खरोखर एक किलो राहिला आहे का, हे कुणीतरी पाहावं लागतं. धाकटा ती वजनं स्वतःच्या प्रमाण वजनांशी ताडून पाहतो आणि सर्टिफिकेट देतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. तळमजल्यावर तीन खोल्यांची लॅब, वर आमचं घर. त्याचा मुलगा बाहेरगावच्या कारखान्यांत जाऊन मोठे काटे तपासतो. सून इंजिनिअर आहे, पाच वर्षांपासून ऑफिस तिच्या हातात आहे. मी चव्वेचाळीस वर्षं नाटकमंडळींबरोबर गावोगाव हिंडून शेवटी दोन ट्रंका घेऊन वरच्या खोलीत आलो. दुपारी खाली बाहेरच्या टेबलाशी बसतो आणि आलेल्या वजनांच्या पेट्यांवर क्रमांक चिकटवतो. एवढीच माझी भूमिका, संवाद नसलेली.

दोन वर्षांपूर्वी औषधांच्या कारखान्याचं पत्र आलं. आमच्याकडे येणाऱ्या दहा पेट्यांपैकी सात त्यांच्या. पत्रात लिहिलं होतं की दोन वर्षांनंतर फक्त मान्यता मिळालेल्या लॅबचंच सर्टिफिकेट चालेल. मान्यता म्हणजे बाहेरची एक संस्था परीक्षक पाठवते, तो दोन दिवस तुमचं सगळं काम उलटंपालटं करून बघतो आणि मग ठरवतो की तुमच्या कागदावर विश्वास ठेवावा की नाही.

सुनेनं ते पत्र दोनदा वाचलं आणि सासऱ्यासमोर ठेवलं. "बाबा, हे नाही झालं तर दोन वर्षांनी या खोलीत आपण गाद्या ठेवू."

"ओटा काढावा लागेल," धाकटा म्हणाला. "जड आहे."

"मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही."

मग दीड-दोन वर्षं पोरगी राबली. कामाची प्रत्येक पायरी लिहून काढली, खोलीचं तापमान तासातासाला टिपलं, प्रमाण वजनं वरच्या दर्जाच्या लॅबकडून तपासून आणली. आणि एक नवी नोंदवही बांधून घेतली, पानांवर छापील क्रमांक असलेली, एका पानावर एक काम. तिचा नियम तिनं सगळ्यांना समोर बसवून सांगितला. तराजूवर दिसलेला आकडा त्याच क्षणी, शाईनं, थेट वहीत. चुकला तर एक आडवी रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला सही आणि तारीख.

"खोडायचं?" धाकट्यानं विचारलं.

"चुकलं तर, बाबा."

त्यानं मान हलवली.

परीक्षक यायच्या आधी आठवडाभर सून माझ्याकडे आली. "काका, तालीम करायची आहे. तुम्ही परीक्षक व्हा. राजे झालात, पोलीस झालात, एकदा भूतही झालात म्हणे. आता हे एक."

अशी भूमिका कोण सोडेल? ट्रंकेतून करड्या मिशा काढल्या, चष्मा नाकाच्या टोकावर आणला आणि खालच्या आवाजात विचारलं, "हे वजन कशानं पुसता?"

"मऊ कोरड्या कापडानं," धाकटा म्हणाला. "दादा, तुझी डावी मिशी सुटतेय."

"परीक्षकाच्या मिशीबद्दल बोलायचं नाही. नोंदवही दाखवा."

वही माझ्यासमोर आली. मी पानं उलटली आणि भूमिकाच विसरलो. मोत्यासारखे आकडे. एकाखाली एक, जणू कुणी ओळंबा धरून उतरवलेले. कुठे डाग नाही, कुठे खोड नाही. "वा," मी म्हणालो. सुनेनं तिच्या कागदावर 'नोंदी: उत्तम' असं लिहिलं. धाकटा मात्र स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मी त्या क्षणी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघायला हवं होतं. जन्मभर समोरच्या नटाचे डोळे वाचून पोट भरलेला माणूस मी, पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष सुटणाऱ्या मिशीकडे होतं.

परीक्षक म्हणून आल्या त्या पन्नाशीच्या बाई. बुटक्या, शांत. स्वतःचं पेन, स्वतःची पाण्याची बाटली. दार उघडून आत आल्या, उंबऱ्याशी थांबून आधी भिंतीवरचं तापमान वाचलं आणि मग नमस्कार केला. धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. बाई त्याला आवडल्या होत्या. आणि म्हणूनच, हे मला नंतर कळलं, तो त्यांना घाबरला होता.

दुपारी तीनपर्यंत सगळं सुरळीत चाललं. सून विचारलेला कागद दुसऱ्या क्षणी काढून देत होती. मग बाईंनी नोंदवही मागितली. पानं उलटण्याचा आवाज मला बाहेर टेबलाशी ऐकू येत होता. आधी भराभर. मग हळू. मग थांबला.

"या नोंदी तराजूसमोर बसून केल्यात?"

"हो," सून म्हणाली. "त्याच क्षणी."

"दोनशे चौदा पानं आहेत. एकही खोड नाही."

"बाबांचा हातच तसा आहे." सुनेच्या आवाजात अभिमान होता.

"मी बावीस वर्षं हे काम करते. असा हात पाहिला नाही."

बाईंच्या बोलण्यात कौतुक नव्हतं, आरोपही नव्हता. तापमान वाचल्यासारखं त्यांनी ते वाक्य वाचलं आणि वही मिटली. "उद्या सकाळी दहाला तुम्ही माझ्यासमोर एक वजन तपासा."

"बरं," धाकटा म्हणाला. त्याचा उजवा हात कोटाच्या वरच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला, छातीत दुखणाऱ्या माणसाचा राहतो तसा.

मी वर गेलो. मन रमवायला माझ्या आठवणी लिहायला बसलो. तो उद्योग दीड वर्षापासून चाललाय आणि त्याला कागद धाकटाच पुरवतो. दर शनिवारी अर्ध्या तावांचा एक गठ्ठा आणून द्यायचा. "घे दादा, एक बाजू कोरी आहे." मी त्या कोऱ्या बाजूवर माझी नाटकं, माझे दौरे, ज्या नायिकेनं भर प्रवेशात माझ्या पायावर पाय देऊन संवाद विसरायला लावला ती, असं सगळं लिहीत सुटलो होतो. दुसऱ्या बाजूला काय आहे ते दिसत होतंच. पण नाटकाच्या पडद्याची मागची बाजू कुणी बघतं का? तिथं नुसत्या काठ्या, ठिगळं आणि सुतळ्या असतात.

त्या दिवशी मी पान उलटं केलं.

धाकट्याचं अक्षर, पण घाईतलं. तारीख. वजनाचा क्रमांक. एकाखाली एक आकडे. एक खोडलेला, त्यावर दुसरा, तोही खोडलेला, तिसऱ्याभोवती गोल. कोपऱ्यात चहाच्या कपाचं वर्तुळ. मी दुसरं पान उलटलं. तिसरं. गादीखालचा न वापरलेला गठ्ठा काढला. सगळीकडे तेच.

परीक्षकबाई पाचला गेल्या होत्या. मी सगळा गठ्ठा छातीशी धरून खाली उतरलो. तो ओट्यासमोर एकटाच बसला होता, तराजू बंद होता.

"हे काय आहे?"

"तुझं आत्मचरित्र," तो म्हणाला.

"उलटं कर."

"दादा, थांब जरा."

मी थांबलो. त्यानं गठ्ठ्याला हात लावला नाही. मग म्हणाला, "दिवसभर खिशातल्या चिठ्ठीवर लिहितो. संध्याकाळी वहीत उतरवतो. तात्यांनी शिकवलं तसं."

तात्या म्हणजे आमचे वडील. बाजारपेठेत काटे दुरुस्त करायचे. मी अठरा वर्षांचा, धाकटा अकराचा. दुकानाची वही माझ्याकडे होती, आणि माझं मन पेठेच्या टोकाशी उतरलेल्या नाटकमंडळीत. एका वजनाचा आकडा मी चुकीचा लिहिला, दिसला तेव्हा गिचमिड करून खोडला आणि वर दुसरा लिहिला. पुढच्याच आठवड्यात वजनमापांचा तपासनीस आला. त्याचं बोट नेमकं त्या गिचमिडीवर थांबलं. खाली काय होतं ते तात्यांना सांगता येईना, मला आठवेना. दुकानाला अकरा दिवस टाळं लागलं. बाराव्या दिवशी तात्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि धाकट्याच्या हातात दिलं. "या वहीत खोड दिसली तर दुकान गेलं समज." मला तर सुटका झाल्यासारखं वाटलं. महिन्याभरात मी नाटकमंडळीच्या गाडीत होतो.

"ती खोड माझी होती," मी म्हणालो. "तुझी नव्हे."

"तू केलीस आणि गेलास. वही माझ्याकडे आली." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. बाहेर ऊन आहे की नाही हे सांगावं तसं त्यानं सांगितलं. तो पुढे म्हणाला, "एक्कावन्न वर्षं झाली. पेन कागदाला टेकलं की मला ते टाळं दिसतं."

दारात सून उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"बाबा, मी त्यांना 'हो' म्हणाले."

"ऐकलं मी."

"तुम्ही गप्प बसलात."

पोरगी आरडाओरडा करेल असं मला वाटलं, आणि तिनं केला असता तर बरं झालं असतं. ती आत आली, माझ्या हातातला गठ्ठा घेतला आणि वजन करावं तसा तोलून पाहिला. "सगळ्या चिठ्ठ्या आहेत?"

"दीड वर्षाच्या. आधीच्या फाडल्या."

"ही वही दीड वर्षाचीच आहे. बसा."

बाहेरच्या टेबलाशी आम्ही बसलो. सून वहीतून वाचत होती, धाकटा चिठ्ठीवरून ताडून 'बरोबर' म्हणत होता, मी तारखा लावून चिठ्ठ्या पुढे सरकवत होतो. मी आठवणी लिहिल्या होत्या गठ्ठ्यातून हाताला येईल त्या कागदावर, त्यामुळे त्यांच्या तारखा जुळल्या की माझा राजा चौथ्या अंकात आधी मरायचा आणि मग दुसऱ्यात लग्न करायचा. एरवी आम्ही तिघं हसलो असतो. मध्येच मुलगा बाहेरून आला, बूट न काढता ऐकत उभा राहिला आणि हळूच खुर्ची ओढून बसला.

"एकशे शहाण्णव," सून वाचत होती. "वीस ग्रॅम. अधिक शून्य पॉइंट शून्य आठ."

"बरोबर."

"एकशे सत्त्याण्णव. शंभर ग्रॅम, औषधांचा कारखाना. अधिक शून्य पॉइंट पंचवीस."

धाकट्यानं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली.

"बाबा?"

"पुन्हा वाच."

"पंचवीस."

त्यानं चिठ्ठी टेबलावर ठेवली, तिच्याकडे वळवली आणि शेवटच्या आकड्याखाली नख धरलं. तिथं बावन्न होतं.

हे मला समजावून सांगावं लागलं, तसं तुम्हालाही सांगतो. त्या वजनाला अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंतची चूक चालते. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे काही कण. शून्य पॉइंट पंचवीस असेल तर वजन चांगलं. शून्य पॉइंट बावन्न असेल तर ते बाद. दीड महिन्यापूर्वी संध्याकाळी उतरवताना धाकट्याच्या हातून दोन आकडे उलटे पडले होते, आणि आम्ही बाद वजनाला चांगलं म्हणून सर्टिफिकेट दिलं होतं. ते वजन त्या क्षणी कारखान्यात वापरात होतं.

उरलेली सतरा पानं आम्ही तपासली. सगळी बरोबर निघाली. दोनशे चौदांत एक.

आधी मुलगा बोलला. "काका, एवढ्या कागदांत एखादा हरवतोच. तुमच्या आठवणींतलं एक पान कमी झालं तर कुणाचं काय अडतंय?"

मी चिठ्ठी उलटी करून पाहिलं. मागे माझ्या पहिल्या भूमिकेचं वर्णन होतं, दोन वाक्यांची भूमिका. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही ते पान हरवावंसं वाटलं.

"आणि वजन?" सून म्हणाली.

"पन्नास चालतं, हे बावन्न आहे. एवढ्यानं कोण मरतं?"

"कुणी मरत नाही," धाकटा म्हणाला. "पण चिठ्ठीत बावन्न आणि वहीत पंचवीस. बाद होतं तेच नेमकं पास झालं. बघणारा काय म्हणेल? म्हाताऱ्यानं मुद्दाम फिरवलं. मीही तेच म्हणालो असतो."

"म्हणूनच म्हणतोय, बघायला देऊ नका."

धाकटा उठला. खुंटीवरचा कोट काढला आणि सुनेच्या पुढ्यात ठेवला. "याचा वरचा खिसा शिवून टाक."

"का?"

"उद्या हात तिकडे जाईल."

तिनं कोट घेतला. त्या चिठ्ठीचं काय करायचं ते मात्र त्यानं सांगितलं नाही, आणि आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. ती टेबलावरच, पितळी वजनाखाली राहिली.

सकाळी नऊला मी खाली आलो तेव्हा पितळी वजन होतं, चिठ्ठी नव्हती. मी मुलाकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. मला वाटलं त्यानं काढली. त्याला वाटलं मी काढली. दोघांनीही विचारायचं धाडस केलं नाही. पहिला अंक सुरू व्हायच्या आधी पडद्यामागे मी खूप वेळा थरथरलो आहे, पण तिथं निदान पुढचं वाक्य पाठ असायचं.

दहाला बाई आल्या. तराजूच्या खोलीत दोघंच. जास्त माणसं गेली तर त्यांच्या अंगाची ऊबच आकडे फिरवते. सून दाराशी. मी आणि मुलगा दाराच्या काचेतून बघत होतो. धाकट्यानं हातमोजे घातले. प्रमाण वजन ठेवलं. थांबला. आकडा स्थिर झाला आणि त्याचा उजवा हात सवयीनं खिशाकडे गेला. बोटांना टाके लागले. हात खाली आला, पेन उचललं आणि नोंदवहीत पहिला आकडा लिहिला. माझा अडकलेला श्वास सुटला आणि काचेवर धुकं धरलं. मुलानं बाहीनं पुसलं.

प्रमाण वजन, मग तपासायचं वजन, पुन्हा तेच, मग पुन्हा प्रमाण. अशा तीन फेऱ्या. पहिली नीट झाली. दुसऱ्या फेरीत त्यानं वजन ठेवलं, दार सरकवलं, आकडा पाहिला आणि लिहिला. लिहून मान वर केली तर आकडा अजून हलत होता. हलला, आणि तीन घरं पुढे जाऊन बसला.

एक्कावन्न वर्षांत तो पहिल्यांदा थांबला नव्हता.

पेन कागदाच्या वर बोटभर अंतरावर अडकलं. बाईंनी घड्याळाकडेही पाहिलं नाही. रंगमंचावरचे विराम मी मनातल्या मनात मोजतो. तीन मोजले की प्रेक्षक खोकतात, पाच मोजले की प्रॉम्प्टर पडद्याआडून वाक्य पुरवतो. मी चाळीसपर्यंत मोजलं. सून दाराशी उभी राहून ओठ आत ओढून होती, पण तिनंही वाक्य पुरवलं नाही.

मग त्यानं रेघ मारली. एकच. थोडी तिरकी गेली. खालचा आकडा स्वच्छ दिसत होता. वर बरोबर आकडा लिहिला, बाजूला सही केली, तारीख घातली. पुढचं वजन उचललं. तिसरी फेरीही नीट पार पडली.

मोजे काढून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, एकशे सत्त्याण्णवावं पान उघडा."

चिठ्ठी त्या पानात होती. मुलानं माझा दंड घट्ट धरला.

"या वहीतले आकडे माझे आहेत," धाकटा म्हणाला. "पण ते त्या क्षणी लिहिलेले नाहीत. दिवसा चिठ्ठीवर, संध्याकाळी वहीत. इथं उतरवताना बावन्नाचे पंचवीस झाले. मुद्दाम नाही झाले. पण तुम्ही विश्वास ठेवावा असा माझ्याकडे काही पुरावा नाही. काल माझी सून 'हो' म्हणाली ती तिला ठाऊक नव्हतं म्हणून. मी गप्प बसलो तो घाबरून."

"बाकीच्या चिठ्ठ्या?"

"माझ्या भावाच्या आत्मचरित्रात आहेत."

बाईंनी पहिल्यांदाच भुवया उचलल्या. मी गठ्ठा आणून दिला आणि कान लाल करून उभा राहिलो. त्यांनी दोन तास चिठ्ठ्या आणि वही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. खोडलेल्या आकड्यांवर त्यांचं पेन रेंगाळत होतं. एकदा एक पान उलटं करून त्यांनी माझ्या चार ओळी वाचल्या, ओठांच्या कडा किंचित हलल्या, आणि पान पुन्हा सुलटं केलं.

"त्या कारखान्याला कळवलंत?"

"अजून नाही."

धाकट्यानं फोन ओढला. "मी बोलतोय. थांबाकाका. हो, बरा आहे. थांबा, आधी ऐकून घ्या. तुमचं शंभर ग्रॅमचं वजन आहे ना, पेटी सहा, ते वापरातून काढा. आत्ता. आमचं सर्टिफिकेट चुकलंय." पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. "नाही, वजनाची चूक नाही. माझी." पुन्हा वेळ गेला. "हो, लेखी देतो. आजच. ते तुम्ही ठरवा, मी काय सांगू?" त्यानं फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मुलानं विचारलं.

"वजन काढतायत. सगळ्या चिठ्ठ्यांच्या प्रती मागितल्यात. आपलं काम चालू ठेवायचं की नाही ते बघून कळवतील."

चार वाजता सगळे बाहेरच्या टेबलाशी बसलो. बाईंनी हातानं भरलेला छापील कागद वाचून दाखवला. नोंदी त्या क्षणी न करता नंतर उतरवल्या, ही गंभीर त्रुटी. एक सर्टिफिकेट चुकीचं, तेही गंभीर. साठ दिवसांत सगळ्या चिठ्ठ्यांचा पडताळा लेखी द्यायचा, चुकलेलं सर्टिफिकेट परत घेऊन नवं द्यायचं, आणि दोन महिन्यांच्या थेट लिहिलेल्या नोंदी पाठवायच्या.

"म्हणजे मान्यता नाही?" मुलानं विचारलं.

"आज नाही. नाकारलीही नाही. साठ दिवसांनी तुमच्या नोंदी बघेन. त्यांत आजच्यासारखी पानं दिसली तर शिफारस करेन." मग वही उघडून त्यांनी ती तिरकी रेघ सुनेला दाखवली. "या सबंध वहीत मला पूर्ण भरवसा वाटला असं हे एक पान."

सुनेनं सासऱ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. कालपासून तिनं त्याला आपणहून दिलेली ती पहिली गोष्ट. त्यानं तो एका दमात संपवला.

बाईंनी कागद सहीसाठी त्याच्यापुढे केला. त्यानं चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, आणि पेन टेकवायच्या आधी थांबला.

"काय झालं?"

"तारीख कालची पडलीय."

बाईंनी वाकून पाहिलं, जीभ चावली, आणि नवा छापील कागद काढायला पिशवीत हात घातला. धाकट्यानं जुन्या कागदावर तळवा ठेवला.

"नवा कशाला, बाई? एक आडवी रेघ मारा, खालचं दिसू द्या, आणि बाजूला सही करा."